सहाव्या गाण्यानंतरची शांतता

ही गोष्ट माझ्या स्वतःच्या घरात घडली. मैत्रिणीच्या मावशीच्या दिराची नाही. माझी.

खोटी वाटली तर वाटू दे. मी कुणाला पटवायला बसलेले नाही. पण वाचल्यावर "उंदीर असतील", "वारा असेल" असलं शहाणपण मला शिकवू नका. उंदीर भिंतीवरचं घड्याळ उतरवून अंगणात नेत नाहीत.

तारीख २२ डिसेंबर १९९१. रविवार. संध्याकाळचे सहा. आमच्या लानेर्विन गावातलं चर्च.

मी टेगवेन. तेव्हा चौतीस वर्षांची होते. गावावरच्या डोंगरात आमचं हावोद नावाचं शेत होतं. घरात आम्ही तिघं. मी, माझा धाकटा भाऊ मायरिग आणि आमचे बाबा, इथेल. आई चार वर्षांपूर्वी गेली होती. बाबा चौऱ्याहत्तरचे. त्यांची आयुष्यात एकच इच्छा उरली होती. ज्या घरात जन्मलो त्या घरातून चौघांच्या खांद्यावरून बाहेर पडायचं. हे ते जेवताना दिवसातून एकदा तरी बोलून दाखवायचे. आम्ही हसायचो.

त्या संध्याकाळी प्लगाइन होतं. नाताळच्या सुमारास मेणबत्त्यांच्या उजेडात आमच्याकडे गाणी होतात, ते. पेटी नाही, टाळ्या नाहीत, कुणी नाव पुकारत नाही. एक घर उठतं, पुढे जातं, गातं, परत येऊन बसतं. मग दुसरं घर उठतं. प्रत्येक घराचं गाणं वेगळं, बापाकडून लेकाकडे आलेलं. आणि नियम एकच. एका संध्याकाळी एकदा गायलेलं गाणं पुन्हा गायचं नाही. तुमचं गाणं तुमच्या आधी कुणी गायलं तर तुमचं नशीब फुटकं.

आमच्या गावात आणखी एक गोष्ट होती, जी शेजारच्या गावात नव्हती.

सहाव्या गाण्यानंतर कुणी उठायचं नाही.

एका गाण्याला लागतो तेवढा वेळ सगळं चर्च गप्प बसायचं. मान खाली. पोरंसुद्धा. मग सातवं घर उठायचं. ते आमचं.

लहानपणी मी विचारलं होतं, "आपण गप्प का बसतो?" शेजारच्या बाईने माझ्या मांडीला चिमटा काढला. "ती जागा आहे. बस गप्प." कुणाची जागा, ते कुणी सांगितलं नाही. आणि बाबांना दर वर्षी नेमका त्याच वेळी खोकला यायचा. तोंडावर रुमाल धरून ते बाहेर जायचे आणि आमच्या पाळीला परत यायचे. आम्हाला वाटायचं, म्हातारा माणूस, मेणबत्त्यांचा धूर सोसत नसेल.

त्या वर्षी सहाव्या पाळीला गिरणीवाला गोरोन्वी त्याच्या दोन मुलांना घेऊन उठला. चेष्टेखोर माणूस. जाता जाता त्याने मायरिगला डोळा मारला. मला तेव्हाच शंका आली.

त्याने आमचं गाणं गायलं.

मायरिग लालबुंद झाला. "मुद्दाम केलं या बोकडाने," तो माझ्या कानात म्हणाला. "आता आपण काय गायचं? नुसतं तोंड बघत बसायचं?"

"नाही गायलं एक वर्ष, तर काय बिघडतं?"

"आयुष्यभर ऐकवेल तो. त्या वहीतलं गाऊ."

वही आम्हाला ऑक्टोबरमध्ये सापडली होती. स्वयंपाकघरात लाकडं जाळायचा नवा स्टोव्ह बसवताना मायरिगने चुलीच्या बाजूचा दगड काढला, त्याच्या मागे कोनाडा होता. आत चामड्याच्या पुठ्ठ्याची छोटी वही. पहिल्या पानावर 'हावोद' आणि खाली तीन नावं. एडनवेद, ग्वेनो, सिलीन. आम्हाला वाटलं, असतील कुणी आपलेच जुने चुलते आणि आत्या. वहीत एकच गाणं होतं, तीन आवाजांचं. बाबा गुरांच्या बाजारात गेले की आम्ही ते गंमत म्हणून गायचो. जोसेफ आणि मेरी दारोदार हिंडतात, त्याचं गाणं होतं. चाल अशी, की एकदा डोक्यात शिरली की निघायची नाही.

बाबांना आम्ही सांगितलं नव्हतं. नाताळला चकित करू म्हणून.

सगळ्या माना खाली गेल्या. शांतता सुरू झाली. बाबा खोकत बाहेर गेले.

आणि मायरिग उठला.

मी त्याचा कोट धरला. "थांब. अजून वेळ व्हायचाय."

"कुणासाठी थांबायचं?" तो म्हणाला. हळू नाही, चांगला ऐकू जाईल असा म्हणाला.

तो पुढे गेला. आणि मीही गेले. दोष एकट्या मायरिगचा नाही. एकटा उभा राहिला तर त्याचं हसं होईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आम्ही गायला लागलो.

"दार उघडा, रात पडली,
दिवा आत, आम्ही बाहेर..."

दुसऱ्या ओळीला एकही माणूस मान वर करेना. तिसऱ्या ओळीला मला आमच्या मागून खालचा सूर ऐकू आला... जाड, सावकाश, बरोबर आमच्या चालीत.

बाबा परत आले वाटतं, मी मनात म्हटलं. मला हायसं वाटलं.

गाणं संपलं. मी मागे वळले.

मागे कुणी नव्हतं.

बाबा दारात उभे होते. चर्चच्या दुसऱ्या टोकाला. रुमाल हातातून खाली पडलेला.

घरी स्वयंपाकघरात आल्यावर बाबा म्हणाले, "वही दे."

मायरिगने दिली. बाबांनी पहिलं पान पाहिलं, स्टोव्हचं झाकण उघडलं आणि वही आत टाकली.

"अहो बाबा! शंभर वर्षांची वही ती!"

"म्हणूनच," बाबा म्हणाले आणि वर झोपायला गेले.

वही नीट जळली. भुताच्या गोष्टीत अशा वस्तू जळत नाहीत म्हणे. ही जळली. त्या तिघांची शेवटची जी काही वस्तू घरात उरली होती, तीही आम्ही जाळली.

सोमवारी सकाळी मी आणि मायरिग मेंढ्यांना चारा घालून परत आलो. आठ वाजले होते, उजाडत होतं. बाबा आमच्याबरोबरच होते, फाटक लावत मागे राहिले होते. घरात कुणीच नव्हतं.

अंगणाच्या मधोमध बाबांची खुर्ची होती.

स्वयंपाकघरातली, हाताची, लाकडी. घराकडे तोंड करून ठेवलेली. बर्फ भुरभुरत होतं, पण खुर्चीखालची जागा कोरडी होती.

"हा कसला पाचकळपणा?" मायरिग माझ्यावर ओरडला.

"मी तुझ्याबरोबर होते ना, डोळे फुटले का तुझे?"

"मग गोरोन्वी असेल. आज त्याचं तंगडं मोडतो."

त्याने खुर्ची उचलली आणि दार ढकललं. दार उघडलं नाही.

आतून आवाज आला... खट्ट. लोखंडी कडी सरकावल्याचा.

मग दार ढकलल्याबरोबर उघडलं, जसं नेहमी उघडतं तसं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमच्या दाराला कडी नव्हती. फक्त खटका आणि कुलूप. पूर्वी कधीतरी दोन कड्या असाव्यात, एक वर आणि एक खाली. त्यांची भोकं लाकूड ठोकून बुजवलेली होती. मी ती भोकं लहानपणापासून रंगवत आले होते.

बाबांनी खुर्ची पाहिली. ती जागेवर ठेवली आणि तिच्यावर बसले. दिवसभर उठले नाहीत.

मंगळवारी घड्याळ.

दुपारी तीनला, लख्ख उजेडात. आम्ही तिघंही गोठ्यात होतो. बाहेर आलो तर भिंतीवरचं घड्याळ अंगणात, भिंतीला टेकून. चालू होतं. टिक टिक टिक. आमचा कुत्रा मोट त्याच्या शेजारी राखणीला बसावा तसा बसला होता. मी हाक मारली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि जागचा हलला नाही. त्या दिवसापासून मोट घरात आला नाही. मटण दाखवलं तरी नाही.

दार उघडायला त्या दिवशी दोन मिनिटं लागली. आम्ही तिघं आपल्याच दारात पाहुण्यासारखे उभे.

नाताळच्या दिवशी काही झालं नाही. आम्ही बदक खाल्लं.

दुसऱ्या दिवशी मी मटणाचा रस्सा शिजत ठेवून कोंबड्यांना दाणे टाकायला गेले. पाच मिनिटं. परत आले तर... रश्श्याचं भांडं अंगणात. झाकण लावलेलं. आत रस्सा उकळत होता, आणि खाली बर्फ. झाकणाच्या कडेने वाफ येत होती. मी तिथेच खाली बसले. मला रडू आलं. भीतीने नाही हो, रागाने. मी त्या घरात जन्मले, वीस वर्षं त्या चुलीपाशी राबले आणि कुणीतरी माझं भांडं उचलून बाहेर ठेवतंय!

गावात गेले तर दुकानात लोक बोलायचे थांबत. गोरोन्वीने टोपी काढली आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेला. ज्याने मला पाळण्यात असल्यापासून चिडवलं, तो एक विनोद न करता गेला. मला तेव्हा खरी भीती वाटली.

शनिवारी मी पोस्टात गेले. पोस्ट आंटी काइनवेनचं. एक्याऐंशी वर्षांची, सगळ्या गावाची आंटी. तिने मला पाहिलं, काउंटरची फळी वर केली आणि म्हणाली, "आत ये. दार लाव. पाटी उलटी कर."

मी तिन्ही वस्तू सांगितल्या. खुर्ची, घड्याळ, भांडं.

"याच क्रमाने?"

"हो."

आंटीने चष्मा काढून पुसला. "जमीनदाराची माणसं घर रिकामं करायची, तेव्हा असाच क्रम असायचा. आधी खुर्ची, म्हणजे घरच्या कर्त्याला बसायला जागा नको. मग घड्याळ. मग चुलीवरचं भांडं, म्हणजे चूल उठली. मग अंथरुणं."

"आणि मग?"

"मग माणसं."

तिने सांगितलं ते असं. एडनवेद, ग्वेनो आणि सिलीन, दोन भाऊ आणि मधली बहीण. आईबाप नव्हते. हावोद ते खंडाने कसायचे, त्यांचे आजे-पणजेही कसायचे. तेव्हा मतदान उघड असायचं, सगळ्यांसमोर नाव सांगून. एडनवेदने जमीनदाराच्या माणसाला मत दिलं नाही. डिसेंबरात त्यांना बाहेर काढलं.

"अशा हाकललेल्या माणसाचं शेत कुणी घ्यायचं नाही, हे गावाचं ठरलेलं होतं बाळा. उपाशी मरा, पण ते घेऊ नका. अख्ख्या गावात एकाने घेतलं. त्याच दिवशी. गाडी भरून तयारच होता. त्यांच्या चुलीत निखारे होते, त्यावरच त्याने आपली चहाची किटली ठेवली."

मला विचारायची गरज नव्हती. तरी विचारलं. "कोणी?"

"उम्फ्रेने. तुझ्या पणजोबाने."

आंटी सांगत राहिली.

"तिघं खिंडीपर्यंत गेली. पुढे बर्फाने वाट बंद. परत फिरली. प्लगाइनची संध्याकाळ होती, गाव सगळं चर्चमध्ये. सहा गाणी झाली. सातवी पाळी हावोदची. गावाने वाट पाहिली, येतील म्हणून. माना खाली घालून बसले सगळे, कारण त्यांना घरात घ्यायची हिंमत कुणालाच झाली नव्हती. त्याच वेळी ती तिघं आपल्या दारात उभी राहून गात होती. ठोठावून उघडलं नाही, म्हणून गात होती. गाणं ऐकून तरी त्याला दया येईल म्हणून. गोठ्यातल्या गड्याने ऐकलं. आधी तीन आवाज होते. मग दोन. मग एक."

आंटीने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"सकाळी सापडली. उंबऱ्यापासून चार हातांवर."

"आंटी, हे आम्हाला कुणी सांगितलं का नाही?"

"तुझ्या बापाने सांगायचं होतं! दर वर्षी तो बाहेर का जातो, असं वाटलं तुला? खोकल्याने?" ती चिडली होती. "सव्वाशे वर्षं आम्ही ती जागा रिकामी ठेवली, टेगवेन. घर तुम्ही घेतलंत ते घेतलंत. त्यांना एवढी एकच जागा उरली होती. तीही तुम्ही दोघांनी उठून घेतलीत."

मी घरी जाऊन बाबांना सांगितलं, आपण गावात राहायला जाऊ. आजच. मायरिगही म्हणाला. पहिल्यांदाच आमचं दोघांचं एकमत झालं होतं.

बाबा खुर्चीत होते. "मी वरच्या खोलीत जन्मलो. तुमची आई त्याच पलंगावर गेली. मी पण तिथूनच जाणार."

"तुम्हाला ठाऊक होतं ना सगळं?"

"माझे आजोबा शेवटी शेवटी दाराकडे पाठ करून बसायचे," बाबा म्हणाले. "आणि तेच गाणं पुटपुटायचे. तेवढं एकच. मी सहा वर्षांचा होतो. माझंही पाठ झालं." मग म्हणाले, "त्यांनी केलं ते पाप. मान्य. पण साठ वर्षं या जमिनीत मी घाम गाळलाय. मी का जाऊ?"

मला त्यांचं पटलं. खरं सांगते, आजही पटतं. आणि एडनवेदलाही असंच वाटलं असणार, हेही तेव्हाच मनात आलं.

दोन जानेवारीला अंथरुणं बाहेर आली. तिन्ही. गाद्या, उशा, पांघरुणं. इतकी सुबक घडी मी जन्मात घातली नव्हती. बाबांच्या उशीवर त्यांची दातांची कवळी, रुमालात गुंडाळून ठेवलेली. काही मोडलं नव्हतं. काही फाडलं नव्हतं. त्यात अजिबात घाई नव्हती... तेच भयंकर होतं.

त्या दिवशी दार उघडायला अर्धा तास लागला. थंडीने बाबांचे ओठ निळे पडले.

त्यानंतर दहा दिवस काहीच नाही.

मायरिग शिट्टी वाजवायला लागला. मलाही वाटलं, संपलं असेल. बाबांना वाटलं नाही. ते रोज दाढी करायचे आणि कोट घालून बसायचे.

तेरा जानेवारीला आमच्याकडे जुन्या पंचांगाचं नवं वर्ष. त्या संध्याकाळी चर्चमध्ये त्या हंगामातलं शेवटचं प्लगाइन. बाबा म्हणाले, "मी येणार. आणि आज मी बाहेर जाणार नाही."

निघताना मी स्वतः स्टोव्ह विझवला. राख ओली करून पाहिली. दिवे बंद केले. कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात.

सहा गाणी झाली. सगळ्या माना खाली गेल्या. शांतता सुरू झाली.

बाबांना खोकला आला नाही. ते उठले.

कुणीतरी जोरात श्वास घेतला. गोरोन्वी पुटपुटला, "इथेल, नको. बस."

बाबा पुढे गेले. टोपी हातात. गायले नाहीत. त्या जागेत आजवर कुणी बोललं नव्हतं, बाबा बोलले.

"माझ्या आजोबांनी दार उघडलं नाही," ते म्हणाले. "आणि मला ठाऊक होतं. मी पोरांना सांगितलं नाही. मला माफ करा."

ते गावाकडे बघून बोलत नव्हते. रिकाम्या जागेकडे बघून बोलत होते.

मी वाट पाहिली. मला वाटलं, आता काहीतरी होईल. मेणबत्ती विझेल, सूर येईल, काहीतरी...

काही झालं नाही. नुसती शांतता. एक गाणं संपेल तेवढी, मग दुसरं संपेल तेवढी. शेवटी आंटी काइनवेन उठली आणि बाबांचा हात धरून त्यांना बाकावर आणून बसवलं. ती रडत होती.

आम्ही साडेआठच्या सुमाराला घरी पोचलो. वळणावरच मायरिगने गाडी थांबवली.

"टेग," तो म्हणाला. "धुराड्याकडे बघ."

आमच्या धुराड्यातून धूर येत होता.

स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेड होता. आमच्या विजेच्या दिव्याचा पांढरा नाही. पिवळा... हलणारा.

आणि अंगणात आमचं सगळं घर होतं. सगळं. कपाटं, आईचं शिवणयंत्र, ताटं, मायरिगचे बूट, पलंग सुटे करून एकावर एक. आईचा फोटो सगळ्यात वर. मोट त्या ढिगापाशी झोपला होता. बर्फात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

मी किल्ली लावली. किल्ली फिरली. दार हललं नाही. मायरिगने खांदा मारला, लाथा घातल्या, पहार आणली. पहार वाकली.

"बाजूला हो," बाबा म्हणाले.

त्यांनी टोपी काढली आणि दारावर तीन वेळा ठोठावलं. हळू. दुसऱ्याच्या घरी ठोठावतात तसं.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आमची खुर्ची तर अंगणात होती.

बाबांनी गायला सुरुवात केली.

"दार उघडा, रात पडली,
दिवा आत, आम्ही बाहेर..."

म्हाताऱ्याचा आवाज, थंडीने चिरकलेला. तरी त्यांनी सोडलं नाही. मी रडत त्यांच्याबरोबर गायला लागले. मायरिगही आला. तीन आवाज. आम्ही पूर्ण गाणं गायलो. सगळी कडवी. मी आयुष्यात कधी इतकं मनापासून गायले नाही. दरवाज्यापलीकडे कुणीतरी उभं होतं. फळीला कान लावला असता तर श्वास ऐकू आला असता, इतकं जवळ. ते ऐकत होते. प्रत्येक शब्द ऐकत होते.

गाणं संपलं.

आणि आतून आवाज आला. वरच्या बाजूला... खट्ट.

थोडा वेळ गेला.

मग खाली... खट्ट.

दुसरीही कडी लावली.

बाबांनी टोपी घातली. "चला," म्हणाले. "माझ्या आजोबांनीही हेच केलं होतं."

आम्ही ती रात्र आंटी काइनवेनकडे काढली. बाबांना तिथेच थंडी बाधली. बावीस दिवसांनी ते शहरातल्या इस्पितळात वारले, परक्या पलंगावर, पडद्याच्या आड. शेवटच्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "उघडलं का?" मी खोटं बोलले. हो म्हटलं. ते म्हणाले, "मग मला घेऊन चल ना." त्यांचं दफन गावातच झालं. पण खांद्यावरून ते हावोदमधून निघाले नाहीत, लिफ्टमधून निघाले.

मार्चमध्ये मी घर विकायला काढलं. दलाल बर्मिंगहॅमचा, तरुण, चकचकीत बुटांचा. मी अंगणाच्या फाटकापाशीच थांबले. त्याला किल्ली दिली.

त्याने किल्ली लावली. दार एका बोटाने उघडलं.

तो आत दहा मिनिटं होता. खिडकीतून हात हलवून त्याने मला बोलावलं. मी गेले नाही. बाहेर आल्यावर त्याने हातमोजे काढले आणि कोटाची बटणं सोडली.

"मस्त घर आहे," तो म्हणाला. "आणि आत काय छान ऊब ठेवलीय तुम्ही."

घर दोन महिने बंद होतं. वीज मी जानेवारीतच तोडली होती.

नवे लोक सुट्टीत येऊन राहतात. त्यांना काही त्रास नाही. मी विचारलं होतं. त्यांची पोरं अंगणात खेळतात, दार दिवसभर उघडं असतं.

गावात मी आजही प्लगाइनला जाते. मागच्या बाकावर बसते आणि सहाव्या गाण्यानंतर मान खाली घालते. मायरिग येत नाही. तो कॅनडात आहे आणि फोनवरही त्याला कुणी गायलेलं चालत नाही.

आणि मी चर्चमागच्या छोट्या घरात एकटी राहते. माझ्या नावावरचं घर, माझी किल्ली. तरी रोज बाजारातून आले की दारात थांबते. किल्ली लावायच्या आधी हळूच विचारते, "येऊ का आत?"

शेजारणीला वाटतं, म्हातारीचं डोकं फिरलंय.

फिरू दे. मी उत्तराची वाट बघते, मगच दार ढकलते.

परवा जरा वेळ लागला.